इंग्रजीचा पाया पक्का करायचाय : क्लास, मोबाइल की पुस्तक?

दहावीपर्यंत इंग्रजी होतं, मार्कही बरे पडले, पण आज ऑफिसात चार ओळींचा ईमेल लिहायचा म्हटलं की हात थबकतो. मुंबईत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. यात कमीपणा मानण्यासारखं काहीच नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आज चाळिशीत असलेल्यांना शाळेत इंग्रजीची सहाच वर्षं मिळाली, आणि त्यातला बराचसा वेळ धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करण्यात गेला. स्वतःचं वाक्य स्वतः जुळवायची वेळ फार थोड्यांवर आली.

आता नव्याने सुरुवात करायची तर क्लास लावायचा, मोबाइलवर शिकायचं की पुस्तक घेऊन बसायचं? मी संध्याकाळी आमच्या भागातल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि हा प्रश्न मला सतत विचारला जातो. तिन्हींच्या जाहिरातीत ‘सोप्या पद्धतीने’ हेच लिहिलेलं असतं, म्हणून मी तुलना एका वाक्यावरून करते : ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय.’

वाक्य मुद्दाम निवडलंय. इंटरव्ह्यूत ते लागतंच, आणि आपण ते बहुतेक वेळा ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असं म्हणतो. ही चूक आळसातून येत नाही, मराठीतून येते. ‘मी आत्ता काम करतोय’ आणि ‘मी दोन वर्षांपासून काम करतोय’ या दोन्हींत आपलं क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र काम पूर्वी सुरू होऊन आजपर्यंत चालू असेल तर क्रियापदाचं रूप बदलतं : ‘आय हॅव बीन वर्किंग’. शिवाय आपल्या एका ‘पासून’चे तिथे दोन वाटे होतात. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, म्हणजे ‘सिन्स मंडे’. किती काळ गेला ते सांगायचं तर ‘फॉर’, म्हणजे ‘फॉर टू इयर्स’. एका वाक्यात दोन खाचा. आता हे वाक्य तिन्हीकडे नेऊन बघू.

आधी क्लास. दादर, ठाणे, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर ‘फाडफाड इंग्रजी’चे बोर्ड दिसतात. तिथे हे वाक्य फळ्यावर सूत्र होऊन येतं : कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. सगळे वहीत उतरवतात. सर तीन उदाहरणं देतात, वर्ग एका सुरात म्हणतो, पुढचा काळ सुरू. बारा काळ बारा तासांत संपतात आणि विद्यार्थ्याला वाटतं, झालं व्याकरण. पण घरी परतताना कोणी सहज विचारलं, ‘कुठे असतोस हल्ली?’ तर तोंडातून पुन्हा ‘आय ॲम वर्किंग सिन्स’च निघतं. सूत्र माहीत असणं आणि वाक्य जिभेवर असणं यात खूप अंतर आहे, आणि ते अंतर प्रत्येकाने स्वतः चुकत, दुरुस्त होत कापायचं असतं. चाळीस जणांच्या बॅचमध्ये आपली पाळी येणार कधी?

तरीही क्लासकडे एक गोष्ट आहे जी बाकी दोघांकडे नाही : समोर बसलेला माणूस. तो चूक ऐकतो, थांबवतो, पुन्हा म्हणायला लावतो. म्हणून क्लास निवडताना एसी, प्रोजेक्टर, सर्टिफिकेट काहीही बघू नका. डेमो लेक्चरला जा आणि एवढंच पाहा, की तासाभरात प्रत्येक विद्यार्थ्याने किती वाक्यं स्वतः बनवली. शिक्षकच पन्नास मिनिटं बोलत असतील तर त्यांचं इंग्रजी सुधारेल, तुमचं नाही. वही तपासली जाते का, हेही विचारा. बॅच दहा-बाराची असेल, शिक्षक मराठीतून फरक समजावत असतील आणि वही लाल होऊन परत येत असेल, तर पैसे सत्कारणी लागतील. पूर्ण फी आधी भरा असा आग्रह असेल तर मात्र जरा थांबा. महिन्याच्या फीवर तयार होणारे शिक्षकही मिळतात. आणि ज्यांची दहावीच राहिली असेल त्यांनी क्लासआधी जवळच्या रात्रशाळेची चौकशी करावी. तिथे इंग्रजी विषय असतोच, शिवाय हातात दहावी येते.

मोबाइलचं आकर्षण मला पूर्ण समजतं. विरारहून चर्चगेटला रोज जा-ये करणाऱ्याला शिकायला वेळ मिळतो तो गाडीतच. ॲपवर आपलं वाक्य कसं येतं? शब्दांचे तुकडे खाली मांडलेले असतात : हॅव, वर्किंग, आय, बीन, फॉर. योग्य क्रमाने दाबायचे. टिंग वाजतं, हिरवी खूण येते. क्रम डोळ्यांत बसायला याचा उपयोग नक्की होतो, कारण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि इंग्रजीत कर्त्यामागोमाग. ती सवय मोडायला रोजची वीस मिनिटं चांगलीच. पण ‘बीन’ तुम्हाला आठवावं लागलं नाही, ते समोर होतं. बोलताना समोर काही नसतं. बरेच महिने ॲप चालवूनही बोलता न येणारे भेटतात, त्याचं कारण हेच.

ॲप आणि व्हिडिओ बरेचसे हिंदीतून समजावतात, म्हणून काही जण बिचकतात. काळांपुरतं बिचकायचं कारण नाही. ‘मैं दो साल से काम कर रहा हूँ’ आणि आपलं वाक्य एकाच वळणाचं आहे, त्यामुळे हिंदीतली समजूत आपल्याला तशीच लागू पडते. थोडंफार इंग्रजी वाचता येत असेल तर ब्रिटिश कौन्सिल आणि बीबीसी यांच्या इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाइट्सवर उत्तम साहित्य फुकट मिळतं. मात्र ते बहुतेक इंग्रजीतूनच समजावलेलं असतं, अगदी कोऱ्या पाटीने तिथे जाऊ नये.

एआयचं वेगळं सांगायला हवं, कारण एकट्याने शिकणाऱ्याला यामुळे खरोखर मोठा आधार मिळाला आहे. स्वतः लिहिलेली पाच वाक्यं चॅटजीपीटीला द्या आणि मराठीतच सांगा : ‘फक्त चुका दाखव, वाक्यं बदलू नकोस, कारण मराठीत सांग.’ हे सांगितलं नाही तर तो तुमचं साधं वाक्य भरजरी करून परत देतो आणि तुम्ही ते कॉपी करून मोकळे होता. वाक्यं आधी स्वतः लिहिलेली हवीत, एवढी अट पाळलीत तर दुरुस्तीचं निम्मं काम घरबसल्या होतं. अधूनमधून तो चुकीचं कारणही ठासून सांगतो, म्हणून शंका आली तर पुस्तकात ताडून बघा.

पुस्तक. माझं झुकतं माप याच बाजूला आहे, हे लपवत नाही. मराठीतून समजावणारं, भरपूर सराव असलेलं आणि मागे उत्तरं दिलेलं पुस्तक घ्या. घेण्याआधी दुकानातच दोन गोष्टी उघडून बघा. पहिली, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक दिलाय का. दुसरी, ‘काल मी ठाण्याला गेलो होतो’ याचं काय केलंय. आपण ‘होतो’ आहे म्हणून ‘आय हॅड गॉन’ करतो. इंग्रजीत तिथे साधं ‘आय वेंट टू ठाणे यस्टर्डे’ लागतं. ‘हॅड गॉन’ कधी? भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचं सांगायचं असेल तेव्हा : मी स्टेशनवर पोचलो, तोवर गाडी गेली होती. ‘होतो म्हणजे हॅड’ असा तक्ता देऊन मोकळं होणारं पुस्तक परत ठेवा.

पुस्तकाची कमजोरी उघड आहे. ते ऐकत नाही. मागच्या उत्तरांवरून रिकाम्या जागा तपासता येतात, तुमचं स्वतःचं वाक्य नाही. वहीत ‘सिन्स टू इयर्स’ लिहिलं तर ते तसंच राहील आणि रोज लिहून लिहून आणखी पक्कं होईल. म्हणून पुस्तकाला आठवड्यातून एकदा तपासणारं माणूस जोडा : कॉलेजात जाणारी भाची, ऑफिसातले एखादे सीनियर, सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका. तासभर पुरतो.

म्हणजे माझ्या मते निवड खर्चावरून किंवा सोयीवरून करू नये, चूक कोण पकडणार यावरून करावी. घरात किंवा शेजारी तपासणारं कोणी असेल तर पुस्तक पुरेसं आहे, क्लासचे पैसे वाचवा. कोणीच नसेल आणि एकट्याने बसणं होत नसेल तर छोट्या बॅचचा क्लास. शिफ्ट ड्युटीमुळे वेळेचा भरवसा नसेल तर पुस्तक आणि एआय. ॲप कुठल्याही पर्यायाच्या जोडीला चालेल, एकटं नाही.

इंटरव्ह्यू महिन्यावर आला असेल तर बारा काळांच्या मागे लागू नका. साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान, ‘विल’ लावून होणारा भविष्यकाळ आणि ‘हॅव बीन’चं आपलं वर बघितलेलं वाक्य, एवढं घट्ट करा. स्वतःच्या कामाबद्दल, घराबद्दल, रोजच्या प्रवासाबद्दल या पाचांत रोज दहा वाक्यं लिहा आणि मोठ्याने म्हणा. ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात, म्हणजे ‘डिडन्ट वेंट’ नाही, ‘डिडन्ट गो’. ‘ही’ आणि ‘शी’ आले की साध्या वर्तमानात क्रियापदाला ‘एस’. या दोन चुका मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतात. उरलेले काळ नोकरी लागल्यावर शिकलात तरी चालतील.