सेल्फ नवा, बॅटरी नवी, तरी गाडी बंद : ४३ हजारांचा फटका

गेल्या वर्षी मार्च ते जून या चार महिन्यांत एका गॅरेजने माझ्याकडून ४३,००० रुपये घेतले. गाडीतला खरा बिघाड निघाला साडेसहाशे रुपयांचा. पैसे गेले याचं वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त राग याचा येतो की काय बिघडलंय ते गाडी पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि ज्यांना ते कळत होतं त्यांनी कानाडोळा केला. जुनी गाडी जीव लावून सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी २००२ सालची सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी; १९९८ मध्ये बाजारात आली. बॉडी फायबरची, आत रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. फार थोड्या बनल्या, त्यामुळे रस्त्यात दुसरी दिसली की आपोआप हॉर्न वाजवला जातो. मी ती मडगावच्या एका गृहस्थांकडून घेतली आणि कोल्हापूरला आणली. म्हणजे तिचं त्याआधीचं आयुष्य समुद्राच्या खाऱ्या हवेत गेलेलं. फायबरची बॉडी आणि खारी हवा, या दोन गोष्टी लक्षात असू द्या.

मार्चमधल्या एका रविवारी पन्हाळ्याला गेलो होतो. वर चहा घेऊन परत आलो, चावी फिरवली, तर नुसतं ‘कट्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘कट्’. हेडलाइट लावून पाहिले तर लख्ख, आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारतानाही जराही मंद होत नव्हते. उतारावरून ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये सुरू केली आणि घरी आलो. संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पहिल्या झटक्यात सुरू झाली.

बॅटरी मेलेली असती तर सेल्फ मारताच दिवे पिवळे पडले असते. दिवे लख्ख आणि सेल्फ मात्र गप्प, याचा अर्थ बॅटरीत जोर आहे, तो सेल्फपर्यंत पोहोचत नाहीये किंवा सेल्फच खराब आहे. आज मला हे कळतं. तेव्हा कळत नव्हतं, म्हणून जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे जाणकार म्हणवणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो आणि दिव्यांचं जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, “सर, बॅटरी डाऊन आहे. दिव्यांना करंट कमी लागतो, सेल्फला जास्त. बदलून टाकू.” बोलणं ऐकायला पटतं, आणि अर्धं खरंही आहे. मीटर मात्र कुणी लावला नाही. नवी बॅटरी ६,२०० रुपये. जुनी त्यांनी ठेवून घेतली, तिचे पैसे वजा केले नाहीत.

तीन आठवडे गाडी छान चालली. मग उन्हात पुन्हा ‘कट्’. आता निदान झालं सेल्फ जळाल्याचं. “याचा सेल्फ इथे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल.” १८,५०० रुपये. अकरा दिवसांनी चकचकीत चंदेरी सेल्फ बसवलेली गाडी मिळाली. मे महिन्यात तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खराब निघाला. त्याच्या दुरुस्तीचे १४,०००, आणि तिन्ही वेळची मजुरी मिळून ४,३००. या शेवटच्या १४,००० चं पक्कं बिल मागितलं तर एका कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली.

प्रत्येक वेळी गाडी काही दिवस सुरू का व्हायची, हा प्रश्न मला फार छळायचा, कारण त्यामुळेच मी परत परत विश्वास टाकला. याचं उत्तर साधं आहे. नवी, पूर्ण चार्ज बॅटरी बसवली की तिच्या जोरावर खराब जोडातूनही थोडे दिवस काम भागतं. सेल्फ काढताना-बसवताना आजूबाजूचे बोल्ट हलतात, गंज खरवडला जातो, आणि जोड काही दिवस बरा चालतो. अधूनमधून येणारा बिघाड असला की लबाड माणूस दर वेळी नवं सामान विकू शकतो आणि दर वेळी ‘दुरुस्त केली’ असं म्हणू शकतो.

जूनमध्ये गाडी उद्यमनगरजवळ बंद पडली. तिथे गेली चाळीस वर्षं वायरिंगचं काम करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गाडी ढकलत त्यांच्या दारात नेली. त्यांनी आधी सगळी हकीकत शांतपणे ऐकली. मग बॉनेट उघडून मला सेल्फ मारायला सांगितलं, चार-पाच वेळा. आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, “साहेब, ह्या क्लचच्या केबलला हात लावा बघू.”

केबल गरम होती, हात पटकन मागे घ्यावा लागेल एवढी.

“इंजिनचं अर्थिंग गेलंय. सेल्फचा करंट परत जायला वाट शोधतोय, आणि ह्या केबलीतनं चाललाय. दुसरं काय बी झालेलं नाही.”

मग मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायला लावला. मीटरवर ४.६ व्होल्ट. चांगल्या गाडीत हा आकडा ०.२ च्या आसपास असावा. बॅटरीवर त्याच वेळी ११.७ होते. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती, पण साडेचार व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम सात येत होते. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला जोडात ०.०३ ओहमचा अडथळाही पुरतो, आणि तो साध्या मीटरच्या ओहमवर किंवा ‘बीप’वर दिसत नाही. तो दिसतो फक्त सेल्फ फिरवताना व्होल्ट मोजले तर.

खात्रीसाठी त्यांनी जम्पर केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली. चावी फिरवताच गाडी सुरू.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चासिसशी (गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी) जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनही करंटला इकडून तिकडून वाट मिळून जाते. फायबरच्या बॉडीतून काहीच जात नाही. जे काही परत येतं ते पट्टीतून आणि वायरींतूनच. माझी पट्टी वरून बरी दिसत होती, पण थिंबलजवळ (टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीजवळ) वाकवली तेव्हा आतून हिरवी भुकटी गळाली. अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या. तांब्याला खारी हवा लागली की ते असंच आतून सडतं. अण्णांनी जाड पट्टी नवीन बसवली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने घासून लख्ख केली, वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर ०.१५ व्होल्ट. पट्टीचे साडेतीनशे, मजुरी तीनशे. त्यानंतर आजवर गाडी एकदाही अडलेली नाही, ऐन उन्हाळ्यातही.

काम चालू असतानाच दुसरी गोष्ट उघड झाली. गाडी घेताना मी खालून फोटो काढले होते. जुन्या सेल्फच्या खोळीवर एक आडवी खाच होती आणि बोल्टच्या कानाचा एक कोपरा उडालेला. अण्णांनी ‘नव्या’ सेल्फवर नख फिरवलं तर चंदेरी रंगाखाली तीच खाच, तोच उडालेला कोपरा. माझाच सेल्फ रंगवून मला विकला होता. ईसीएम पाहिला तर त्याच्या बोल्टवर आणि प्लगवर वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली. “ह्याला कुणी पान्हा लावलेलाच नाही,” अण्णा म्हणाले. मला तिथेच मटकन बसावंसं वाटलं.

म्हणून कळकळीने सांगतो. गरम गाडीत ‘कट्’ आवाज येऊन सेल्फ फिरत नसेल, तर सामान बदलण्याआधी दिव्यांकडे बघा आणि तीन आकडे मागा : गाडी बंद असताना बॅटरीचे व्होल्ट (पूर्ण चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास), सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट (साडेनऊच्या खाली जाऊ नयेत), आणि त्याच वेळी निगेटिव्ह ते इंजिन. मोजताना गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फच्या जाड वायरीचं टोक, हेही तसंच मोजता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. जो हे आकडे सांगायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका. गाडी सोडण्याआधी सेल्फ, अल्टरनेटर, ईसीएम यांचे फोटो काढा, सेल्फवर कुठेतरी आपली खूण करा आणि काढलेला जुना भाग परत मागा. कच्च्या कागदावर पैसे देऊ नका. द्यावेच लागले तर यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

मी आधी गॅरेजमध्ये गेलो, फोटो दाखवले. मालक म्हणाले, “सर, काहीतरी गैरसमज होतोय.” मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. दोन आठवड्यांत फोन आला आणि गॅरेजकडून सेल्फचे १८,५०० परत मिळाले. बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. ईसीएमचं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, धुळीने माखलेल्या बोल्टचे फोटो आहेत. आणि अण्णांनी, मी न मागता, आपल्या लेटरहेडवर ४.६ आणि ०.१५ हे दोन्ही आकडे तारखेसह लिहून, खाली सही-शिक्का मारून दिलाय.