मलिद्याचे ताट आणि आजींचे परस : अलिबाग परिसरातील एक घरगुती अनुभव

अलिबाग तालुक्यातील एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू कुटुंब आगाऊ कळवल्यास आपल्या घरी मलिद्याचा, म्हणजे गोड पोहे आणि फळांवर आशीर्वाद म्हणण्याचा विधी समजावून सांगते आणि दुपारचे जेवणही देते. घरच्यांच्या इच्छेवरून नाव देत नाही. आम्ही मुलांसह गेलो होतो आणि पेणमध्ये आमच्या शेजारी राहणारे कुटुंबही सोबत होते. आम्हीही बेने इस्राएलच; आईने मला प्रार्थना पाठ करून दिल्या, पण मुलांना त्यांचा अर्थ सांगताना मी अडतो, ही खंत मनात होती म्हणूनच हा खटाटोप केला.

भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, गूळ आणि वेलची कालवायला त्या घरच्या आजींनी मुलांनाच बसवले आणि हात चालू असतानाच एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यांची, त्यांच्या रथाच्या खुणा जिथे दाखवतात त्या अलिबागजवळच्या खंडाळा गावातील खडकाची हकिगत सांगितली. नंतर फळांवरचे आशीर्वाद सुरू झाले. खजुरासाठी ‘झाडाचे फळ’ आणि केळ्यासाठी ‘जमिनीचे फळ’ असे दोन वेगळे आशीर्वाद ऐकून माझ्या मुलीने विचारले, “आजी, केळीचंही झाडच असतं ना?” आजी तिला परसात घेऊन गेल्या. घड उतरवल्यावर तोडलेला बुंधा तिथे होता आणि त्याच्या कडेने मुनवे फुटले होते. “हिला एकदाच घड येतो, बाळा, मग ती जाते. आंब्याला त्याच फांद्यांवर पुन्हा पुन्हा फळ धरतं, म्हणून ते झाड.” धर्मशास्त्रातला हा भेद मी इतकी वर्षे नुसता पाठ म्हणत आलो होतो.

जेवणात नारळाच्या रसातले बांगड्याचे कालवण होते. पर आणि खवले असलेलाच मासा चालतो, म्हणून कोळंबी व तिसऱ्या वर्ज्य आहेत, आणि मांसासोबत दूध चालत नाही, म्हणून आमच्या मटणातही नारळाचाच रस पडतो, हे ऐकून शेजारच्या काकूंनी आजींना रश्श्याची कृती तपशिलाने विचारली. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हा बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ म्हणत, हेही त्यांना तिथेच कळले.

एक उणीव मात्र सांगायला हवी. प्रार्थनेच्या छायाप्रतींवरील देवनागरी अक्षरे इतकी पुसट आहेत की नवख्याला सोबत म्हणता येत नाही. सणांची मराठी नावेही घाईत उरकली गेली. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास आपल्याकडे ‘बिरड्याचा रोजा’ कसा झाला, हे मुलांना सावकाश ऐकायचे होते.

दर फोनवरच सांगतात आणि तो वाजवी आहे. शब्बाथमुळे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसामुळे, शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत कोणालाही घेत नाहीत. पाच-सहा जणच जावे, म्हणजे परसात सगळ्यांना उभे राहता येते.