विधानसभेचं थेट प्रक्षेपण: किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांसाठी

विधानसभेचं कामकाज मोबाइलवर थेट दिसतं. मालवण-रत्नागिरीच्या मच्छीमाराला आपल्या प्रश्नाचं काय झालं हे कळायला मुंबई गाठावी लागत नाही, म्हणून ही सेवा मोलाचीच. फक्त आधी त्या दिवसाची कामकाज पत्रिका उघडा, नाहीतर नुसता गलका वाटेल.

प्रश्नोत्तरांच्या तासाला यादीत तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न भरपूर असतात, पण उपप्रश्न वाढत गेले की मोजकेच पुकारले जातात. एलईडी मासेमारीचा, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडण्याचा, प्रश्न खाली असेल तर तो राहून जातो. तरी छापील उत्तर मिळतं, ते शब्दन्‌शब्द वाचा. ‘हे खरे आहे’ आणि ‘अंशतः खरे आहे’ यांत फार अंतर आहे. प्रश्नाच्या शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर दिसलं की वरच्या भागाचं उत्तर पुन्हा तपासा, कारण ते त्यावरच टेकलेलं असतं.

खरा ऐवज लक्षवेधीत, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेत, विधानसभेच्या नियम १०५ खाली. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. तेव्हा तारीख आणि नेमके शब्द वहीत टिपून ठेवा.

खटकतं एवढंच: लांबलचक चित्रफितीत आपला विषय शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पाचपैकी चार तारे.