ग्लुटेन-फ्री आणि ग्लुटेन कमी केलेली बिअर: बरेच महिने पिऊन झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं नंतर. ग्लुटेन (गहू, बार्ली, राय या धान्यांतलं प्रथिन) कमी केलेली बार्लीची बिअर नेहमीच्या बिअरच्या इतकी जवळ जाते की न सांगता हातात दिली तर भल्याभल्यांना पत्ता लागत नाही. पण सीलिअॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या माणसाला मी ती देणार नाही. मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांची बिअर त्या माणसाला देता येते, फक्त ती बार्लीची नक्कल समजून प्यायला बसलात तर बहुतेक वेळा हिरमोड होतो. या दोन वेगळ्या वस्तू फ्रीजमध्ये शेजारी ठेवल्या जातात, एकाच नावाने मागितल्या जातात आणि एकाच यादीत त्यांना गुणही दिले जातात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मला स्वतःला काहीही पचतं. सीलिअॅक आहे ते माझ्या धाकट्या बहिणीला. तिच्या सोबतीने प्यायचं म्हणून मी या वाटेला लागलो आणि हळूहळू वही घेऊन बसायची सवय लागली. त्यामुळे टेबलावर दोन परीक्षक असायचे: एक मी, ज्याची जीभ बार्लीला सरावलेली, आणि एक ती, जिने बार्लीची चव कित्येक वर्षांत घेतलेली नाही. याचा पुढे फार उपयोग झाला.

लेबलचं प्रकरण आधी उरकू. कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) आणि युरोपीय संघाच्या नियमांत किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २० पीपीएमपर्यंत ग्लुटेन असलेली वस्तू ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवून घेऊ शकते. त्यामुळे युरोपात बार्ली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) बिअरही, आकडा खाली आणला की, ते नाव लावते. बार्सेलोनाची एस्ट्रेला डॅम डाउरा हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, २००६पासून बाजारात असलेलं. अमेरिकेत मात्र बार्ली, गहू किंवा राय यांपासून केलेल्या बिअरला ते शब्द वापरता येत नाहीत. ग्लुटेन कमी करण्याची प्रक्रिया केली आहे एवढंच खुलाशासह लिहिता येतं. ऑस्ट्रेलियात तर माल्ट केलेलं ग्लुटेनवालं धान्य वापरलं की विषय संपला. म्हणजे तीच बाटली एका देशात ग्लुटेन-फ्री आणि दुसऱ्या देशात नाही. म्हणून पुढची बाजू सोडून मी थेट मागची घटकांची यादी वाचतो. ‘बार्ली माल्ट’ दिसलं की ती बाटली माझी, बहिणीची नाही.

ग्लुटेन कमी करतात ते एका एन्झाइमने. अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारं हे एन्झाइम प्रथिनांच्या साखळीत जिथे प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल येतं तिथे ती साखळी तोडतं. ब्रुअरींनी ते जवळ केलं ते वेगळ्याच कामासाठी: गार केल्यावर बिअर गढूळ होते तो गढूळपणा घालवायला. बार्लीच्या ज्या प्रथिनांत प्रोलिन भरपूर असतं तीच गढूळपणालाही जबाबदार आणि तीच हॉर्डिन, म्हणजे बार्लीतलं ग्लुटेन. एका दगडात दोन पक्षी. घरी ब्रू करणाऱ्यांसाठी ते छोट्या कुपीत मिळतं. सुमारे २० लिटरच्या बॅचला १० मिलिलिटर, यीस्टबरोबरच टाकायचं. वेगळी भांडी नकोत, वेगळं धान्य नको.

मग सीलिअॅकवाल्यांना का नको? गोम मोजणीत आहे. सँडविच एलायझा नावाच्या नेहमीच्या चाचणीत प्रथिनाचा तुकडा दोन ठिकाणी पकडला गेला तरच मोजला जातो. एन्झाइमने आधीच बारीक तुकडे केलेले असले की पकडायला एकच जागा उरते आणि तो तुकडा हिशेबात येत नाही. म्हणून आंबवलेल्या पदार्थांसाठी कॉम्पिटिटिव्ह एलायझा वापरतात, तिला एक जागा पुरते. पण तीही एका ठरावीक खुणेलाच ओळखते. शरीराला त्रास देणारा दुसरा एखादा तुकडा शिल्लक असेल तर तो तिच्या नजरेतून सुटू शकतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वजन मोजून ते ओळखणाऱ्या तपासणीने) तपासलेल्या काही बिअरमध्ये असे तुकडे सापडलेही आहेत. अशा बाटल्यांवरचा ‘१० पीपीएमपेक्षा कमी’ हा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. ज्याला फक्त गव्हाने जड वाटतं त्याने आपल्या डॉक्टरशी बोलून काय ते ठरवावं. सीलिअॅकच्या माणसाने आकड्याऐवजी धान्य बघावं.

आता चवीकडे. एन्झाइमने चव बिघडते ही तक्रार मी सुरुवातीला खूप ऐकली, म्हणून तिचा निकाल लावायचं ठरवलं. घरी ब्रू करणाऱ्या एका मित्राने एकच वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस) दोन भांड्यांत वाटलं, यीस्ट तेच, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तेच, फक्त एकात कुपी. मग त्रिकोणी चाचणी: प्रत्येकापुढे तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते ओळखायचं. ओतायचं काम बहिणीकडे, कारण ती पिणार नव्हती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतही नाही. पहिल्या फेरीत मी झटकन ओळखलं. “दादा, चाखून सांग, बघून नाही,” ती म्हणाली. खरंच होतं ते. एन्झाइमवाली लख्ख होती आणि दुसरीवर हलकं धुकं. दुसऱ्या फेरीत तिने अपारदर्शक कप आणले, क्रम बदलला, आणि माझी सगळी ऐट उतरली. आम्ही सगळेच नुसते अंदाज मारत होतो. अशा चाचणीत अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतोच, त्याच्या वर आम्ही काही गेलो नाही. फेससुद्धा दोन्हींचा सारखाच टिकला. फेस धरणाऱ्या प्रथिनांत प्रोलिन तुलनेने कमी असतं, त्यामुळे एन्झाइम त्यांच्या वाटेला फारसं जात नाही.

म्हणून या गटातल्या बिअरला मी कसलीच सवलत देत नाही. लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) असेल तर लागर म्हणून, पेल एल (फिकट रंगाची एल) असेल तर पेल एल म्हणून गुण. पातळ वाटली तर ती पातळच आहे, एन्झाइमचं निमित्त चालणार नाही. बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेची मार्गदर्शिकाही हेच सांगते: प्रक्रियेने ग्लुटेन काढलेली बिअर तिच्या मूळ शैलीतच उतरवा, आणि पूर्णपणे ग्लुटेनरहित धान्यांची बिअर ‘ऑल्टरनेटिव्ह ग्रेन’ गटात न्या. मला हा नियम इतका पटला की घरच्या वहीचेही मी दोन भाग केले.

खरी मजा दुसऱ्या भागात आहे.

ज्वारी, तिच्याखेरीज बाजरीच्या जातीची भरड धान्यं (पुढे ‘भरड धान्य’ म्हणजे हीच, ज्वारी नव्हे), बकव्हीट (कुट्टू), तांदूळ, मका. यांतल्या ज्वारीने या प्रकाराचं नाव केलं आणि नाव खराबही केलं. मिलवॉकीच्या लेकफ्रंट ब्रुअरीची ज्वारी-तांदळाची न्यू ग्रिस्ट आणि अॅनहायझर-बुशची ज्वारीची रेडब्रिज २००६मध्ये आल्या, तेव्हा हाताशी सोयीचं काय होतं तर ज्वारीचा पाक. पाक वापरला की माल्ट, दळण, गाळण काही नको. पण त्याला स्वतःची एक चव आहे: सुरुवातीला पातळ गोडवा, मधे लिंबाच्या सालीसारखं आंबूस काहीतरी आणि शेवटी जिभेच्या कडेला धातूसारखी चुणूक. हलक्या लागरमध्ये लपायला जागाच नसते, तिथे ती उघडी पडते. भरपूर हॉप्सच्या आयपीएमध्ये मात्र तीच आंबूस बाजू हॉप्सच्या लिंबूवर्गीय वासात मिसळून जाते. ज्वारीच्या पाकाची बिअर घ्यायचीच असेल तर कडवट घ्या, फिकट घेऊ नका.

सगळा दोष ज्वारीवर टाकणंही बरोबर नाही. १९८८मध्ये नायजेरियाने बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरींना ज्वारी आणि मक्यावर लागर करायला शिकावं लागलं, आणि त्यांनी ते केलं. ग्लुटेनचा विचार त्यामागे नव्हता. अडचण होती ती अशी: बार्लीचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांत उलगडतो आणि त्याच सुमाराला तिची स्वतःची एन्झाइम जोमात असतात, म्हणून तिचं सगळं आपसूक जमतं. ज्वारीचा स्टार्च उलगडायला त्याहून जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत तिची एन्झाइम मरतात. त्यात स्टार्चची साखर करणारं बीटा-अमायलेज हे एन्झाइम तिच्याकडे मुळातच कमी. म्हणून एन्झाइम बाहेरून द्यावी लागतात किंवा मॅशिंग (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं) टप्प्याटप्प्याने करावं लागतं. भरड धान्यांच्या माल्टची गतही तीच. हे नीट केलं नाही की बिअर एकतर पाण्यासारखी होते किंवा चिकट गोड. यीस्टला पुरेसं नायट्रोजन मिळालं नाही तर वर लोण्याचा किंवा गंधकाचा वासही येतो. बरेच लोक हा वास ‘ग्लुटेन-फ्रीची चव’ म्हणून सोडून देतात. तो दोष आहे आणि त्याचे गुण कापायलाच हवेत.

भरड धान्यांच्या माल्टने माझं मत बदललं. त्याची चव स्वच्छ असते, किंचित मधाकडे झुकणारी, आणि धातूची चुणूक नाही. त्याच्या जोडीला थोडं बकव्हीट पडलं की अंग येतं, फेसही जरा थांबतो. बकव्हीट मॅशमध्ये चिकट होतं आणि गाळताना ब्रुअर रडकुंडीला येतो, म्हणून भाताची तुसं मिसळून वाट मोकळी करावी लागते. हा खटाटोप पेल्यात दिसतो. सिएटलची घोस्टफिश याच वाटेने जाते, आणि माँट्रियलच्या ग्लुटेनबर्गने २०१२च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लुटेन-फ्री गटातली तिन्ही पदकं नेली होती.

इथे बहिणीचं आणि माझं फाटायचं. भरड धान्याच्या एका ब्लाँडला (फिकट सोनेरी बिअरला) मी ‘माल्ट कमी, मधे पोकळ’ लिहिलं. तिने लिहिलं: ‘हलकी, मधासारखी, शेवट कोरडा, अजून एक चालेल.’ दोघंही तीच गोष्ट सांगत होतो. तिच्या डोक्यात बार्ली नव्हती, म्हणून तिला पोकळी दिसली नाही. जे होतं ते दिसलं. त्यानंतर मी ग्लुटेनरहित धान्याच्या बिअर आणि बार्लीच्या बिअर एकाच बैठकीत चाखणं बंद केलं. बार्लीच्या दोन घोटांनंतर भरड धान्याची कुठलीही बिअर दुबळीच वाटते. वेगळ्या संध्याकाळी घेतली तर तीच बिअर नीट उभी राहते.

गुण देताना मी बीजेसीपीचाच तक्ता वापरतो: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरणा ५, एकूण परिणाम १०, मिळून ५०. फेसाचं रडगाणं गाणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. ग्लुटेनरहित धान्याच्या बिअरचा फेस दोन मिनिटांत बसतो हे खरं, पण रूपाचे गुणच मुळात तीन आहेत, त्यात फेस, रंग, नितळपणा सगळं आलं. एवढ्यावरून बिअर नापास होत नाही. शेवटचे १० गुण मी लगेच देत नाही, पेला अर्धा झाल्यावर देतो. पहिल्या घोटाला ‘अरे, अगदी बिअरसारखी!’ वाटलेल्या कितीतरी बाटल्या अर्ध्यावर कंटाळवाण्या झाल्या. आणि पेला बर्फगार नको. फ्रीजमधून काढून थोडा वेळ ठेवा. ब्रुअरीने ‘अगदी थंड प्या’ असं ठळक लिहिलं असेल तर मला आधीच शंका येते.

महिनोन्‌महिने पिताना आणखी एक कळलं, शिळेपणाचं. या बिअर हळू खपतात, त्यामुळे फळीवर जास्त काळ पडून राहतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास, मंद झालेले हॉप्स, हिरव्या बाटलीला उजेड लागून आलेला कुबट दर्प हे सगळं मला या गटात नेहमीपेक्षा जास्त भेटलं. आवडलेली एक आयपीए काही आठवड्यांनी पुन्हा आणली तर ओळखू येईना, तारीख पाहिली तर जुनी. म्हणून कॅन मिळत असेल तर कॅन, आणि तारीख नसलेली बाटली परत फळीवर.

नळाची बिअर हा सीलिअॅकवाल्यांसाठी वेगळाच ताप. एका बारमध्ये आम्हाला ग्लुटेन-फ्री म्हणून जी दिली ती बार्लीची एन्झाइमवाली निघाली. विचारलं तर “सगळं एकच हो” असं उत्तर मिळालं. शिवाय त्या नळीतून आधी काय गेलं होतं ते कोणी सांगू शकेना. तिने पाणी प्यायलं. तेव्हापासून बाहेर बंद बाटली किंवा कॅन, आणि समोर उघडून.

शेवटी गडद बिअरचं सांगायचं राहिलं. माझ्या वहीत ग्लुटेनरहित धान्याच्या बिअरना सर्वांत जास्त गुण तिथे पडले आहेत. भाजलेलं बकव्हीट आणि भाजलेलं भरड धान्य यांतून कॉफीचा, करपलेल्या साखरेचा वास इतका सहज येतो की बार्लीची उणीव भासत नाही. भाजण्याने धान्याधान्यांतला फरकच बराच पुसला जातो. फक्त भरणा कमी पडतो, स्टाउटला हवा तो मऊ जडपणा क्वचितच मिळतो, तिथे मी ५ पैकी २ किंवा ३च देतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने फिकट लागर बाजूला ठेवून अशा एखाद्या गडद बाटलीपासून सुरू करावं, मग आयपीए, आणि लागर सगळ्यात शेवटी. बहीण मात्र अजूनही त्या ब्लाँडलाच पहिला नंबर देते.