बुलेटचं इंजिन घरी एकट्यानं बसवायचंय: जॅक, चेन कप्पी का फ्रेमच वरून उतरवायची?

दोन-तीन जण विचारायलेत म्हणून लिहितोय, तिन्ही प्रकार परभणीत घरच्या अंगणात करून झालेत. आधी तुमचं इंजिन कोणतं ते बघा. जुन्या कास्ट आयर्नवाल्याचा गिअरबॉक्स वेगळा असतो, दोन खेपांत बसवलं की एकट्याला झेपतं. 346 सीसीचं यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) मात्र गिअरबॉक्ससकट एकच गठ्ठा, लई जड, आणि सिमेंटच्या गोणीला निदान खांदा देता येतो, याला नीट धरायलाच जागा नाही. म्हणून एकट्यानं करताना मी एकच बघतो, मधेच दोन्ही हात सोडले तर इंजिन आहे तिथं राहतंय का नाही.

त्यात स्क्रू जॅक सगळ्यात भारी, कारच्या डिकीत असतो तो. या बुलेटच्या फ्रेमला इंजिनखालून नळी नसते, इंजिनच दोन टोकं जोडतं, त्यामुळं फ्रेमला पुढून-मागून लाकडी ठोकळे देऊन पक्की बांधायची, इंजिन बाजूनं आत सरकवायचं आन् खालून वर घ्यायचं. जॅक आणि इंजिनच्या मधे जाड फळी पाहिजेच, ड्रेन बोल्टवर (ऑइल सोडायचा खालचा बोल्ट) वजन येऊ देऊ नका, आणि एक पट्टा वरच्या नळीला सैल बांधून ठेवा म्हणजे कलंडलं तरी पडत नाही. पाव-पाव फेरा फिरवत फ्रेमची आन् इंजिनची बोल्टची भोकं जुळवायची. भोकात बोट घालून बघायचं नाही! टॉमी (लोखंडी सळई) घाला, इंजिन केसभर सरकलं तरी बोट जातं. पहिला मागचा लांब बोल्ट सरकवा, नट हातानंच ठेवा, बाकीचे सगळे बसल्यावरच आवळायचं. ट्रॉली जॅक लवकर वर जातो खरा, पण खाली सोडताना झटका देतो, या कामाला मला नाही पटला.

चेन कप्पी बोअरची मोटर काढणाऱ्यांकडं मिळते, तीन पायांच्या घोड्यासकट मिळाली तर लई बरं. साखळी सोडली तरी वजन जागेवर राहतं. पण टाकीखालची नळी आडवी येते, पट्ट्याचे दोन पदर तिच्या दोन्ही अंगांनी घ्यावे लागतात आन् इंजिन झोके खातं. माळवदाच्या तुळईला टांगू नका, तिच्यावर आधीच मातीचा भार, वाळवी लागलेली वरून दिसत पण नाही. पत्र्याच्या शेडच्या अँगलला तर नाहीच नाही. मी पहिल्यांदा पट्ट्याऐवजी सोल (जाड दोर) वापरला, तो सरकून सिलेंडरच्या फिनवर (बाहेरच्या पातळ पात्यांवर) आला आणि फिनचा कोपराच तुटला, अजून तसाच आहे.

तिसरं, ऑइल काढून इंजिन जुन्या टायरवर आडवं करायचं अन् नागडी फ्रेम त्याच्यावर उतरवायची. उचलायला हलकं, पण चाकं, फोर्क, वायरिंग सगळं उतरवलेलं असेल तरच, आणि शेवटी ते धूड एकट्यानंच उभं करायचंय. नवीन पेंट असेल तर नळ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

तर नुसतं इंजिन उतरवलं असेल तर जॅक घ्या, पूर्ण गाडी खोललेली असेल तर फ्रेम उतरवा. कप्पी आयती मिळत असेल तरच, तिच्यासाठी भाडं देऊ नका. उन्हाळ्यात सकाळी 9 च्या आत उरका, घामेजल्या हातातून पाना निसटतो, आणि घरातल्या कुणाला तरी हाकेच्या अंतरावर थांबायला सांगा.