एकच बॅच की वेगळी बॅच? दिव्यांग मुलांसाठी मैदान उघडताना

उन्हाळी शिबिराची पत्रकं छापायला जायच्या सुमारास दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळातून फोन येतो. "ताई, यंदा दिव्यांग मुलांनाही घ्यायचंय. आहे त्याच बॅचमध्ये घेऊ की त्यांची वेगळी काढू?" मी पोहणं आणि ॲथलेटिक्स शिकवते, दोन्ही प्रकारच्या बॅचेस घेतल्या आहेत, आणि दोन्ही फसलेल्याही पाहिल्या आहेत. त्यावरून एक पक्कं सांगते: मूल अंध आहे की कर्णबधिर, यावरून हे ठरवायला बसू नका. आधी खेळाची घडण बघा.

गोळाफेकीचंच बघा. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी पॅरिस 2024 च्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, एफ46 गटात 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आला. हा गट हाताचं अपंगत्व असलेल्यांचा. खेळाडू उभ्याने, नेहमीच्याच वर्तुळातून फेकतो. पुरुषांचा गोळा 7.26 किलोऐवजी 6 किलोचा असतो, एवढाच काय तो फरक. असा मुलगा उद्या तुमच्या मैदानावर आला तर त्याच्यासाठी वेगळं काही उभारावं लागत नाही. त्याच पॅरिसमध्ये उद्घाटनाला भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक होती नांदेडची भाग्यश्री जाधव. तीही गोळाफेकपटू, पण एफ34 गटातली. या गटात खेळाडू बसून फेकतो. त्याला फेकीची खुर्ची लागते, ती उशीसकट 75 सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही आणि जमिनीला चारी बाजूंनी पट्ट्यांनी करकचून आवळावी लागते. ती बांधायला वेळ जातो, मदतीला माणसं लागतात. खेळ एकच, तरी एकाला तुमची चालू बॅच पुरते आणि दुसरीला स्वतंत्र वेळ द्यावा लागतो.

एकत्र बॅच

ज्या खेळात प्रत्येकाची लेन, पाळी किंवा पट आपापला असतो तिथे एकत्र बॅचच काढा. पोहणं, धावणं, उभ्याने करायच्या फेकी, टेबल टेनिस, बुद्धिबळ, तिरंदाजी. पोलंडची नतालिया पार्टिका जन्मतःच उजव्या कोपराखाली हात नसताना 2008 मध्ये बीजिंगला टेबल टेनिसच्या ऑलिम्पिकमध्येही खेळली आणि पॅरालिम्पिकमध्येही.

यासाठी करावे लागणारे बदल बघितले की मंडळं चकित होतात, इतके ते लहान आहेत. अंध जलतरणपटूला भिंत जवळ आली हे कळावं म्हणून काठावरून एकाने लांब काठीने त्याच्या पाठीवर किंवा डोक्यावर हलकेच टोकायचं. काठीच्या टोकाला मऊ चेंडू बसवला की झालं. मोठ्या स्पर्धांतही हीच पद्धत आहे. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीबरोबर हात किंवा रुमाल खाली करायचा. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, म्हणून समोर उभा खेळाडू असला तरी एकाला दोन आणि दुसऱ्याला एक टप्पा ठरवून सामना रंगतो. बुद्धिबळात अंध खेळाडू आपला खाचांचा पट वेगळा ठेवतो, चाली बोलून सांगायच्या.

आपल्या मातीतल्या खेळांचंही असंच आहे, फक्त तिकडे कुणी त्या नजरेने बघत नाही. खो-खोत खो देताना पाठीला हात लावून "खो" म्हणायचं असतं. स्पर्श नियमातच आहे, म्हणजे कर्णबधिर मुलगी पहिल्या दिवसापासून पाटीवर बसू शकते. कबड्डीत मात्र चढाईचा उच्चार ऐकू यावा लागतो. न बोलणाऱ्या मुलाला तो नियम तसाच लावला तर तो बाहेर पडतो. चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आता असतेच, तेव्हा सरावात त्याच्यासाठी दमाऐवजी घड्याळच धरा.

एकत्र बॅचचा धोका वेगळाच आहे. मूल "घेतलं" जातं, पण खेळवलं जात नाही. मी पूर्वी शिकवायचे त्या एका ठिकाणी सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या एका मुलाच्या हातात पूर्ण हंगाम स्टॉपवॉच दिलेलं होतं. हजेरी शंभर टक्के, फी भरलेली, आणि पोरगा एकदाही धावला नव्हता. माझ्या हे उशिरा लक्षात आलं, याची खंत अजून आहे. तेव्हापासून मी एकच मोजमाप ठेवलंय: तासाभरात हे मूल किती मिनिटं हललं? आकडा बाकीच्यांच्या जवळपास नसेल तर ती बॅच एकत्र नाही.

वेगळी बॅच

काही खेळ मुळातच दिव्यांगांसाठी घडलेत. त्यांना वेगळं मैदान देणं यात भेदभाव नाही, ती त्या खेळाची गरज आहे. गोलबॉलमध्ये तिघे-तिघे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून 18 बाय 9 मीटरच्या मैदानावर घुंगरांच्या चेंडूचा कानोसा घेतात. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात आणि गोलंदाज हात खालून टाकतो. शेजारच्या पट्ट्यात फुटबॉलची शिट्टी वाजत असेल तर हे खेळ होऊच शकत नाहीत. इथे शांतता हीच मुख्य सोय.

वेगळ्या बॅचमध्ये आणखी एक मिळतं: आपल्यासारखीच चार मुलं. अपघातात नुकताच पाय गेलेल्या तरुणाला कृत्रिम पाय काढून ठेवायला जी जागा लागते ती आधी इथेच सापडते.

अडचण संख्येची. अंधांच्या क्रिकेट संघात अकरांपैकी किमान चार खेळाडू पूर्ण अंध लागतात. तालुक्याच्या गावी तेवढे जमणं अवघड, मग दोन महिन्यांत बॅच बंद. दुसरी अडचण वेळेची. वेगळ्या बॅचच्या वाट्याला हमखास उरलेली वेळ येते, दुपारची दोन-अडीचची. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला घाम नीट येत नाही, अंग तापलं की उतरत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलात ही वेळ देणं म्हणजे न येण्याचं आमंत्रण. सकाळची वेळ देता येत नसेल तर वेगळी बॅच काढूच नका.

मिश्र संघ

तिसरी वाट स्पेशल ऑलिम्पिक्सच्या युनिफाइड खेळांची. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात, तेही ठरलेल्या प्रमाणात: सात जणांच्या फुटबॉलमध्ये बौद्धिक अक्षमता असलेले चार खेळाडू आणि ती नसलेले तीन जोडीदार. जोडीदार वयाने आणि खेळाने जवळपासचे निवडायचे. शाळेच्या संघातला सर्वात तेज मुलगा आणला तर सगळे गोल तोच मारतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

याच्याच उलट एक प्रकार मला फार आवडतो: सगळ्यांनीच खाली बसायचं. बैठ्या व्हॉलीबॉलचं मैदान 10 बाय 6 मीटर, जाळी पुरुषांना 1.15 आणि महिलांना 1.05 मीटरवर. धडधाकट मुलं जमिनीला चिकटून सरकायला लागली की पोलिओ झालेला खेळाडू त्यांना सहज मागे टाकतो. शाळेत सुरुवात करायची असेल तर इथूनच करा. जाळी तुमच्याकडे असतेच.

कोणतीही वाट धरा, डॉक्टरांना एक गोष्ट विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. तपासणी होईपर्यंत सूर मारणं आणि कोलांट्या बंद. फिट येणाऱ्या मुलाबरोबर पाण्यात एक माणूस फक्त त्याच्यासाठी हवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 सर्वांच्या समावेशासाठी कार्यक्रमांची फेररचना करायला सांगतं आणि दिव्यांगांचे खास क्रीडाप्रकार भरवायलाही सांगतं. कायद्याने एकाला हो म्हणताना दुसऱ्याला नाही म्हटलेलं नाही. तुमचं मंडळ छोटं असेल, प्रशिक्षक दोनच असतील, तर मी म्हणेन पोहणं किंवा धावणं एकत्र घ्या आणि रविवारी सकाळी एक तास बैठा व्हॉलीबॉल ठेवा. वेगळी बॅच पुढच्या वर्षी, आठ-दहा मुलं जमली की.

आणि पत्रकावर "दिव्यांगांचे स्वागत" एवढंच छापू नका. गेटपासून मैदानापर्यंत पायऱ्या किती, टॉयलेटच्या दारातून व्हीलचेअर आत जाते का, आणि आईला सोबत थांबता येईल का, हे लिहा. पालक आधी ते शोधतात.