दुबईतला डेस्क की बर्लिनमधली फ्रीलान्सिंग?

इंग्रजी पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित करून पानं लावण्याच्या कामात, चार-सहा वर्षं काढलेली मुलं-मुली मला हल्ली विचारतात, "बाहेर जायचंय, कुठे प्रयत्न करू?" लंडनचं नाव सगळ्यात आधी निघतं. पण ब्रिटनने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा 2024 मध्ये 26,200 वरून 38,700 पौंडांवर नेली आणि पुढच्याच वर्षी 41,700 वर. बाहेरून आणलेल्या उपसंपादकाला एवढा पगार देणारा पेपर सापडणं कठीण. म्हणून आपल्याकडच्या डेस्कवाल्यांसाठी मला दोनच वाटा खऱ्या दिसतात: आखातातल्या इंग्रजी दैनिकात नोकरी, किंवा जर्मनीत, मुख्यतः बर्लिनमध्ये, स्वतःच्या नावावर फ्रीलान्स काम. मी आधी दुबईत नोकरी केली आणि आता बर्लिनमध्ये आहे. त्यामुळे माझा कल कुठे असेल ते उघड आहे, तरी दुबईचं देणं मी विसरलेलो नाही.

आखातातली इंग्रजी पत्रकारिता आपल्या लोकांना परकी नाही. 'कुवेत टाइम्स' 1961 चा, 'टाइम्स ऑफ ओमान' 1975 चा, 'गल्फ न्यूज' आणि 'खलीज टाइम्स' दोन्ही 1978 चे. या डेस्कांवर पहिल्यापासून भारतीय माणसं आहेत. मल्याळी जास्त, पण मुंबई, पुणे, गोव्याचीही बरीच. वाचकांतही भारतीय मोठ्या संख्येने, त्यामुळे रुपयाचा भाव, सीबीएसईचा निकाल आणि क्रिकेट यांचं वजन तिथल्या संपादकाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही पान लावायला बसता. वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर कापणं, हेडिंग बसवणं, शेवटच्या पंधरा मिनिटांत पहिलं पान बदलणं, हे सगळं ओळखीचंच काम असतं.

कागदपत्रांचा व्यापही कंपनीच बघते. तुमच्या वाट्याला मुख्यतः पदवीचं अ‍ॅटेस्टेशन येतं: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा. पगारावर आयकर नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार, त्यानंतरच्या वर्षांसाठी 30 दिवसांचा. घरचं कर्ज फेडायचं असेल, बहिणीचं लग्न असेल, तर या गणितापुढे बर्लिन टिकत नाही, हे मी मान्य करतो.

माझं मन तिथून उठलं ते एका कलमामुळे. पुण्यातल्या एका दिवाळी अंकाने माझ्याकडे लेख मागितला होता. विषय अमिरातीतल्या अल ऐनच्या खजुराच्या बागा आणि तिथलं फलज, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे जुने पाट. राजकारणाचा त्यात लवलेश नाही, मानधनही नाममात्र. पण करारात लिहिलं होतं की संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय इतरत्र काहीही लिहायचं, संपादित करायचं नाही. मी रीतसर अर्ज केला. एचआरने लेखाचा इंग्रजी अनुवाद मागितला. तो दिला. मग तो विधी विभागाकडे गेला. तिथून विचारणा आली की अंक छापणाऱ्या संस्थेचं आमच्याशी काही नातं आहे का. मी त्याचंही उत्तर दिलं. अंक बाजारात आला तेव्हा माझा अर्ज कोणाच्या तरी टेबलावरच होता. त्यानंतर एका मित्राच्या प्रबंधाचं संपादन आलं, एका प्रकाशकाची प्रुफं आली. दोन्ही मी नाकारली.

कोणी वाईट वागलं असं नाही. माणसं सभ्य होती, पगार एक तारखेला होत होता. पण माझा व्हिसा त्याच संस्थेच्या नावावर होता, आणि व्हिसा ज्याच्या हातात, त्याच्या कलमाशी वाद घालायला जीभ उचलत नाही. लिहिणाऱ्या माणसाला, विशेषतः मराठीत लिहिणाऱ्या माणसाला, हे फार लागतं. आपली भाषा आपलं पोट भरत नसते. ती आपण नोकरीच्या कडेने जपत असतो. ती कडच बंद झाली तर उरतो तो फक्त पगार. इतरांना हे एवढं बोचणार नाही कदाचित. मला बोचलं.

काय छापता येतं याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जाणाऱ्याला ते माहीत असतंच. अमिरातीत 1980 चा प्रकाशन कायदा जाऊन 2023 चा माध्यम कायदा आला, शिवाय सायबर गुन्ह्यांचा 2021 चा कायदा आहे. डेस्कवर मर्यादा रोज हाताला लागतात आणि सवयीच्याही होतात. जर्मनीत वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी देणारं राज्यघटनेचं पाचवं कलम पाठीशी आहे.

आता बर्लिन. जर्मनीच्या निवास कायद्यातलं कलम 21 स्वतंत्र व्यावसायिकांना, म्हणजे कोणाची नोकरी नसलेल्या माणसालाही, राहण्याचा परवाना देतं. आयकर कायद्यातल्या मुक्त व्यवसायांच्या यादीत पत्रकार, दुभाषी आणि अनुवादक ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत, त्यामुळे वेगळी व्यापार नोंदणी करावी लागत नाही. मात्र यूट्यूबवरचे अमेरिकन तरुण सांगतात तसं "आधी पर्यटक म्हणून या, मग इथेच अर्ज करा" हे आपल्याला लागू नाही. ती सवलत मोजक्याच देशांच्या नागरिकांना आहे. भारतीयाने निघण्याआधी राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा काढायचा. वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूदही दाखवावी लागते.

त्रास इथेही आहे आणि तो लहान नाही. जर्मन भाषा उत्तम असल्याशिवाय जर्मन वृत्तपत्रात डेस्कवर घेत नाहीत. इंग्रजीत काम देणाऱ्या माध्यमसंस्था मोजक्या: डॉइचे वेले, 'द लोकल', आणि काही वृत्तसंस्था. माझं पोट भरतं ते बातमीपेक्षा संपादनावर. संशोधन संस्था, प्रतिष्ठानं, संग्रहालयं यांना अहवाल आणि कॅटलॉग इंग्रजीत लागतात आणि ते नीट करून देणारा माणूस हवा असतो. भारतीय नाव पाहून "मातृभाषा इंग्रजी आहे का?" असं विचारणारे भेटतात, दोन पानं नमुना म्हणून संपादित करून दिली की बहुतेकांचा प्रश्न मिटतो. महिन्याचं उत्पन्न मात्र खालीवर होतं. ऑगस्टमध्ये सगळा देश सुट्टीवर असल्यासारखा वाटतो आणि बिलं अडकतात.

सगळ्यात मोठा खर्च आरोग्य विम्याचा. इथे बर्लिनच्या बाजूने एक गोष्ट फार जड आहे, ती म्हणजे क्युन्स्टलरसोत्सियालकासे, कलाकार आणि लेखक-पत्रकारांसाठीची सामाजिक विमा व्यवस्था. 1983 पासून चालू आहे, कार्यालय विल्हेल्म्सहाफेनला. तिथे प्रवेश मिळाला की आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन या तिन्ही विम्यांचा निम्माच हप्ता तुम्ही भरता. उरलेल्या निम्म्यात एकूण हप्त्याचे 20 टक्के केंद्र सरकार देतं आणि 30 टक्के तुमच्यासारख्यांचं काम विकत घेणाऱ्या संस्थांकडून वसूल होतात. वर्षाला किमान 3,900 युरो कमाई दाखवावी लागते, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिली तीन वर्षं ती अटही नाही. अर्ज जाडजूड, उत्तर यायला महिने लागतात, आणि करार, बिलं, छापून आलेलं काम असे सगळे पुरावे मागतात. तरी कोणाचीही नोकरी न करणाऱ्या परदेशी पत्रकाराच्या म्हातारपणाचा अर्धा हप्ता सरकार आणि काम घेणाऱ्या संस्था मिळून उचलतात, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

दुबईवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो: तिथेही आता स्वतंत्र कामाचे परवाने मिळतात. 2022 पासूनचा ग्रीन व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि त्याला प्रायोजक लागत नाही. पण स्वतंत्र कामातून आधीच्या दोन वर्षांत 3,60,000 दिरहॅमची कमाई, किंवा मुक्कामभर पुरेल अशी आर्थिक ऐपत, दाखवायची अट आहे. डेस्कच्या पगारावर आलेल्या माणसाकडे ती बहुधा नसते.

त्यामुळे मला विचाराल तर, डोक्यावर कर्ज असेल किंवा बचत अगदीच नसेल तर आधी आखातात जा, ठरवून काही वर्षं राहा आणि ग्रॅच्युइटीला हात लावू नका. माझ्या बर्लिनच्या पहिल्या वर्षाचं भाडं त्याच पैशातून गेलं. पण गाठीला वर्षभराचा खर्च असेल आणि स्वतःचं लिहिणं चालू ठेवायचं असेल, तर मी बर्लिनच सुचवीन. इथे आल्यापासून दिवाळी अंकाला लेख पाठवताना मला कुणाला विचारावं लागलेलं नाही.

जर्मनीच्या परवान्यासाठी अर्ज करताना दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. परवान्यावर तुमचा व्यवसाय छापला जातो आणि त्याबाहेरचं काम करता येत नाही, म्हणून अर्जात नुसतं 'पत्रकार' न लिहिता पत्रकार, संपादक, अनुवादक अशी तिन्ही कामं मागा. दुसरं, काम देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रं. निदान दोन-तीन तरी हवीत, त्यातली शक्यतो जर्मनीतली, संस्थेच्या लेटरहेडवर, आणि त्यात कामाचं स्वरूप, महिन्याचे अंदाजे तास आणि दर आकड्यांत लिहिलेले. "यांच्यासोबत काम करायला आवडेल" एवढ्याच मजकुराच्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. हे सगळं मिळवायला भारतातूनच सुरुवात करता येते: आधी एखादा छोटा अहवाल दूरूनच संपादित करून द्या, त्याचे पैसे खात्यात येऊ द्या आणि मगच पत्र मागा.